आठवी पाकळी

मावशींचा राग इमारतीत प्रसिद्ध होता. जिन्यातला दिवा कोणी दिवसाढवळ्या चालू ठेवला, दाराशी कोणी चपला आडव्या टाकल्या, कोणी घंटीवर बोट तसंच दाबून धरलं, की तिसऱ्या मजल्यावरचा त्यांचा आवाज तळमजल्यापर्यंत पोचायचा. लोक त्यांना सख्ख्या मावशीसारखी हाक मारायचे आणि सावत्र आईसारखे घाबरायचे. हा राग वयाचा आहे, गुडघ्यांचा आहे, एकटं राहण्याचा आहे, असे ज्याचे त्याचे अंदाज होते. सगळे साफ चुकीचे. मावशींचा राग अडतीस वर्षांचा होता आणि त्याला नीट पत्ता होता. तो पत्ता त्या कुणाला सांगत नसत, इतकंच.

समोरच्या घरातली सून तेवढी त्यांना भीत नसे. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात ती वाटी घेऊन साखर मागायला गेली होती, आणि “घरात साखर संपलेली कळत नाही का गं?” हे ऐकून चक्क हसली होती. त्या दिवसापासून तिला तिथे मुक्तद्वार मिळालं. तिला अलीकडे विणकामाचं वेड लागलं होतं. फोनवर बघून बघून ती टोप्या आणि मफलर विणायची, आणि नवऱ्याने ते घातले नाहीत की त्याच्याशी दोन दिवस अबोला धरायची. मावशी तिच्या हातातल्या सुयांकडे बघतही नसत. “तुम्ही कधी विणलंय का हो?” असं तिने एकदा विचारलं तेव्हा “डोळे गेले माझे” म्हणून त्यांनी विषय तोडून टाकला होता. डोळे कुठे गेले नव्हते. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर सुती आहे की मिश्र, हे त्या चहा गाळता गाळता सांगायच्या.

एका सकाळी ही सून एक खोका छातीशी धरून आली. मावशी टेबलाशी शेंगा मोडत बसल्या होत्या. खोका संग्रहालयाच्या दुकानातला होता. आत दुधी रंगाच्या लोकरीचे सहा गुंडे, बांबूच्या सुयांची जोडी, घडी घातलेला नक्षीचा मोठा तक्ता आणि एक गुळगुळीत पुस्तिका. झाकणावर छापलं होतं, ‘दोनशे वर्षांपूर्वीची शाल, आता तुमच्या हातांनी’.

“मावशी, तुम्हाला यातलं काही सांगायचं नसतं, माहितीये मला. पण नुसतं वाचून तरी बघा,” ती म्हणाली आणि तिने तो तक्ता शेंगांवरच पसरला. “कडेची पानं मस्त जमली. मधलं फूल मेलं जमतच नाही. चार वेळा उसवलं. पाकळ्या भलतीकडेच कलतात.”

मावशी ओरडणार होत्या, शेंगांवर कागद टाकला म्हणून. ओरडल्या नाहीत. तक्त्यावर बारीक चौकटी होत्या, चौकटींत तिरक्या रेघा होत्या, आणि त्या रेघांतून आठ पाकळ्यांचं एक फूल उमललं होतं. मावशींची नजर इकडे तिकडे गेलीच नाही. ती थेट खालच्या उजव्या पाकळीवर जाऊन बसली. हातातली शेंग तशीच राहिली.

“यात काय लिहिलंय ऐका ना,” सून पुस्तिका उघडून वाचू लागली. “‘या फुलाच्या सात पाकळ्या डावीकडे कलतात. अशा विणीची प्राचीन पद्धत आज लुप्त झाली आहे. आठवी पाकळी मात्र मुद्दाम उजवीकडे कलवलेली आहे. निर्दोष निर्मिती केवळ ईश्वराची, या श्रद्धेने त्या अनामिक हातांनी आपल्या कामात एक चूक राखून ठेवली. ही त्यांची नम्रता.’ किती छान ना?”

“काय म्हणालीस?”

“नम्रता.”

“नम्रता कसली डोंबलाची!” मावशी उठल्या तशा शेंगा घरभर झाल्या. “माझी पोरगी शाळेत पडली होती!”

सुनेला वाटलं, मावशींचं डोकं फिरलं. त्यात तिची चूक नव्हती. ज्यांच्या घरात सुतळीचा तोडाही सापडत नाही, त्या बाई दोनशे वर्षांच्या शालीवर हक्क सांगायला लागल्यावर कुणालाही तसंच वाटेल. पण मावशींनी मग तिला समोर बसवलं आणि अडतीस वर्षं दाताखाली धरलेलं सगळं तिच्यापुढे ओतलं.

मावशी जन्मापासून डावऱ्या. शाळेत बाईंनी डावा हात ओढणीने बाकाला बांधला, तेव्हा त्यांनी बाकच ओढत दारापर्यंत नेला होता. विणकाम शिकताना पंचाईत झाली. शेजारी बसून आई दाखवायची, आणि यांच्या हातात सगळं उलटं यायचं. शेवटी आई वैतागली, लेकीला समोर बसवलं आणि म्हणाली, “मला आरसा समज आणि माझ्यासारखं कर.” तसं केल्यावर एका संध्याकाळीत जमलं. तेव्हापासून मावशी डावऱ्या हाताने विणायच्या, ओळ डावीकडून उजवीकडे जायची, आणि कुणाला नजरेने फरक कळायचा नाही. एकाच जागी कळायचा. दोन टाके एकत्र विणले की टाका एका अंगाला कलतो. सगळ्या जगाचा उजवीकडे कलतो. मावशींचा डावीकडे.

चोविसाव्या वर्षी त्या संग्रहालयाच्या तळघरात, जुन्या कापडांच्या दुरुस्तीच्या खोलीत लागल्या. लांब टेबल, वर हलवता येणारा दिवा, भिंतभर उथळ खण. खणांत काय काय होतं! कुणा मुलींनी टाके गिरवलेले सरावाचे तुकडे, भरतकामाचे रुमाल, उशांचे अभ्रे, विणलेले पायमोजे, कुणाच्या तरी बाळाची तळहाताएवढी टोपी. करणारीचं नाव एकावरही नाही. मावशींना खोड लागली ती तिथेच. जेवायच्या सुट्टीत त्या भरतकामाचे टाके मोजायच्या, चौकटीच्या कागदावर उतरवायच्या आणि घरी जाऊन तेच फूल सुयांवर आणायच्या. बोलायला सोपं आहे. भरतकामाची सुई कापडावर वाटेल तिकडे भटकू शकते, विणकामाला तशी मुभा नाही. टाक्याला टाका, ओळीवर ओळ. गोल पाकळी पायऱ्यापायऱ्यांनी चढवावी लागते आणि तरी ती गोल दिसावी लागते. मावशींच्या लेकीच्या अंगावर तेव्हा जे स्वेटर असत, तसे त्या शहरात कुणाच्या अंगावर नसतील.

काम शिकवलं थोरल्या बाईंनी. त्या खोलीतल्या सगळ्यात जुन्या. त्यांचा एक नियम होता आणि तो मोडणाऱ्याला त्या टेबलाशी उभं राहू देत नसत. दुरुस्ती पुढून कळता कामा नये, आणि मागून कळलीच पाहिजे. म्हणून प्रत्येक दुरुस्तीच्या पाठीवर लाल सुती धाग्याचा एक टाका घालायचा आणि दुहेरी गाठ मारायची. म्हणजे पुढे कुणी कापड उलटून पाहिलं की त्याला समजावं, इथे नंतरचा हात लागलाय, फसू नकोस.

मग ती शाल आली. दुधी लोकरीची, कडेने पानांची जाळी, आणि मधोमध उंदरांनी ताटाएवढं भोक पाडलेलं. मध्ये मूळ काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विभागाच्या साहेबांनी फर्मावलं की भोक साध्या विणीने भरून टाका, प्रदर्शन जवळ आलंय. मावशींनी दोन दिवस साधं विणलं. पँटच्या गुडघ्याला ठिगळ लावावं तसं दिसायला लागलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते उसवलं, नववा खण उघडला, आणि त्यातल्या एका अभ्र्यावरचं आठ पाकळ्यांचं फूल कागदावर उतरवून घेतलं.

“साहेबांना न विचारता?” सुनेने मध्येच विचारलं.

“न विचारता,” मावशी म्हणाल्या. “ते माझं चुकलं. ते मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणते.”

अकरा दिवस लागले. नवव्या दिवशी दुपारी शाळेतून फोन आला की लेक जिन्यावरून पडली, हनुवटी फुटली, रक्त थांबत नाही. मावशींनी ओळ अर्ध्यावर टाकायची नाही म्हणून आठवी पाकळी घाईघाईने उरकली आणि धावल्या. त्या घाईत दोन टाके एकत्र घेताना सुई पुढून घालायची ती मागून घातली गेली. पाकळी उजवीकडे कलली. हे त्यांच्या लक्षात आलं ते अकराव्या दिवशी, फूल पुरं होऊन पाठीवर लाल गाठ मारून झाल्यावर. उद्या एक दिवस मागून घेऊ आणि ही पाकळी उसवून परत विणू, असं ठरवून त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब आधीच टेबलाशी उभे होते. “हे काय केलंस, डावरी?” ते म्हणाले. “भोक भरायला सांगितलं होतं. तू इतिहासात खोटं घुसवलंस. दोनशे वर्षांच्या कापडाचं वाटोळं केलंस.” मावशी म्हणाल्या, मागे लाल गाठ आहे, कुणी फसणार नाही. साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. थोरल्या बाई तोवर वारल्या होत्या. बाकीच्या आपापल्या कापडावर वाकल्या. तीन दिवसांनी मावशी आपली कात्री आणि डबा न्यायला गेल्या, तेव्हा न राहवून त्यांनी दारातूनच विचारलं, “शालीचं काय केलंत?”

“उसवून टाकलं,” साहेब वरही न बघता म्हणाले.

नोकरी गेल्याचं मावशींना फारसं वाटलं नाही. दुसरी मिळाली, एका इस्पितळात, गणवेश आणि चादरी शिवायची, बावीस वर्षं केली. पण ‘उसवून टाकलं’ हे त्यांच्या हातात जाऊन बसलं. हळूहळू त्यांना खरंच वाटायला लागलं की आपला हात लागला की वाटोळं होतं. त्यांनी सुया फेकल्या, चौकटींचे कागद फाडले. लेकीला बाळ झालं तेव्हा बाळाची टोपी दुकानातून आणली. लेक त्यावर काही बोलली नाही. ते न बोलणं मावशींना आजही टोचतं.

“आणि त्याने उसवलंच नव्हतं!” मावशींनी त्या तक्त्यावर थाप मारली. “अडतीस वर्षं! मी माझे हात तोडून बसले, आणि हा त्याच्यावर पुस्तक लिहून मोठा झाला!”

पुस्तिका साहेबांच्याच पुस्तकावरून केलेली होती आणि तिच्या मागच्या पानावर त्यांचा फोटो होता. ते सहा वर्षांपूर्वी गेले, असं त्याखाली लिहिलं होतं. मावशींना ते मुळीच आवडलं नाही. त्यांना तो माणूस जिवंत हवा होता.

चहाचं आधण गॅसवर उकळत होतं. सुनेने ते बंद केलं, खोका उचलला, आणि दोघी बसने निघाल्या. मावशींच्या पायात घरातल्या सपाता होत्या, हे त्यांना संग्रहालयाच्या पायऱ्या चढताना कळलं.

शाल दुसऱ्या दालनात होती. स्वतंत्र काचेची पेटी, वरून मंद दिवा, शेजारी साहेबांची तसबीर. मावशी काचेपाशी गेल्या आणि पहिल्यांदा त्यांना राग आलाच नाही. फूल होतं. आहे तसं होतं. एकही टाका निसटला नव्हता, लोकरीचा रंग कडेच्या रंगात मिसळून गेला होता. अकरा दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. काम चांगलं होतं. कुणी काहीही म्हणो, काम फार चांगलं होतं. मग त्यांनी पाटी वाचली. ‘अनामिक कारागीर.’ तळपायाची आग मस्तकात गेली.

“बोलवा,” त्या रखवालदाराला म्हणाल्या. “जो कोणी इथला मोठा असेल त्याला बोलवा.”

विभागप्रमुख बाई आल्या. चाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या, हातात पांढरे मोजे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि साखर पेरल्यासारख्या म्हणाल्या, “आजी, जुन्या वस्तू बघून पुष्कळांना आपलं काहीतरी आठवतं. ते अगदी स्वाभाविक आहे.”

“तुम्हाला विणता येतं?” मावशींनी विचारलं.

“नाही. माझा विषय कापडाचा इतिहास.”

“म्हणजे पोहता येत नाही, नदीची मापं मात्र पाठ.”

सून खाली बघून हसली. बाईंचा चेहरा लाल झाला. मावशी बाकावर बसल्या आणि सुनेकडे हात केला. “दे त्या सुया.”

सुनेने दिल्या. मावशींनी टाके घातले. पहिले चार-पाच टाके धसमुसळे पडले, लोकर बोटावरून निसटली, आणि त्यांच्या तोंडून एक शिवी गेली जी संग्रहालयात सहसा ऐकू येत नाही. सहाव्या टाक्याला हाताला ओळख पटली. त्यानंतर त्यांनी हाताकडे बघितलंच नाही, बाईंकडे बघत विणत राहिल्या. बोटभर झाल्यावर त्यांनी तसाच तुकडा सुनेला विणायला लावला, तिच्या उजव्या हाताने. मग दोन्ही तुकडे बाईंच्या मोजेवाल्या तळहातांवर ठेवले.

“हा कुठे कलतो? उजवीकडे. तसाच तुमच्या कडेच्या पानांचा. आणि हा? डावीकडे. आता काचेत बघा. लुप्त झालेली पद्धत! लुप्त कुठे झाली? इथे सपाता घालून बसलीये ती.”

बाईंनी काचेत पाहिलं, हातात पाहिलं, पुन्हा काचेत पाहिलं. “डावखुरे लोक दोनशे वर्षांपूर्वीही असतील ना,” त्या म्हणाल्या, पण आवाजातली साखर कमी झाली होती.

“असतील की. पण ते पाठीला लाल धाग्याची दुहेरी गाठ मारून गेले नसतील. उलटून बघा.”

“ती फळीवर शिवून बसवलेली आहे. काढायची तर अर्ज लागतो, समिती लागते.”

“लागू दे. मी इथेच बसते. अडतीस वर्षं थांबले, संग्रहालय बंद होईपर्यंत सहज थांबेन.”

बाईंनी साहेबांच्या तसबिरीकडे पाहिलं. मग सांगावं की नाही अशा सुरात म्हणाल्या, “इथल्या प्रत्येक कापडाच्या मागच्या बाजूचा फोटो आहे. सरांनी स्वतः काढलेले. फक्त या शालीचा नाही. मी त्यांना एकदा विचारलंही होतं.”

“मग? काय म्हणाले?”

“राहून गेला म्हणाले.”

पाच वाजता दालनं बंद झाली. बाईंनी पेटी उघडली आणि फळीसकट शाल तळघरात नेली. तीच खोली. खण बदलले होते, कोपऱ्यात संगणक आला होता, टेबल तेच होतं. मावशींनी त्याच्या कडेवरून हात फिरवला, जिथे थोरल्या बाई कात्रीने ठोकून ‘चला, कामाला लागा’ म्हणायच्या. बाईंनी फळीचे टाके एकेक करून सोडवले. दोघींनी मिळून शाल उलटी केली. दिवा खाली ओढला.

लाल गाठ नव्हती.

मावशी बघत राहिल्या. दुधी पाठ, दुधी टाके, दुसरं काही नाही. सुनेने त्यांचा दंड धरला. बाई अगदी हळू म्हणाल्या, “आजी, इथे काही दिसत नाही हो.” आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मावशींनाही वाटलं, आपण म्हातारपणी वेड्या झालो, आपण असलं कधी काही केलंच नव्हतं. असं त्यांना आधीही वाटलं होतं, त्या दारात कात्री आणि डबा घेऊन उभ्या असताना. तेव्हा त्या गप्प बसून घरी गेल्या होत्या.

त्यांनी सुनेचा हात झटकला. डाव्या हाताचं पहिलं बोट आठव्या पाकळीच्या देठाशी टेकवलं आणि डोळे मिटून टाका न् टाका चाचपत निघाल्या. बोट थांबलं.

“भिंग आणा.”

बाईंनी भिंग धरलं. एका टाक्याच्या पोटात, नखाएवढीसुद्धा नाहीत अशी, लाल सुताची दोन टोकं अडकली होती. शेजारीशेजारी, एकसारखी.

“झिजलेल्या सुताला मिशा फुटतात,” मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज आता चढलेला नव्हता, आणि म्हणूनच तो ऐकवत नव्हता. “हे सरळ आहे. कात्रीने कापलंय. वरची गाठ काढली, पोटात राहिलं ते त्याला दिसलं नाही. चष्मा लावून, नीट वाकून, माझ्याच टेबलाशी बसून कापलंय तुमच्या सरांनी. मला म्हणाला, तू इतिहासात खोटं घुसवलंस. मी तर मागे लिहून ठेवलं होतं! खोटं त्याने केलं. आणि वर माझ्या घाईला नम्रता म्हणतो मेला. मी नम्र नव्हते. मी कधीच नम्र नव्हते. मला माझ्या कामाचा माज होता, आणि तो असण्यासारखं काम होतं ते!”

बाई खाली बसल्या. त्या साहेबांच्या हाताखाली शिकल्या होत्या. त्यांच्या टेबलावर साहेबांनी सही करून दिलेलं पुस्तक असणार, हे मावशींना तोंडाकडे बघूनच कळलं. थोडी कीव आली. फार नाही.

“मी पाटी बदलते,” बाई शेवटी म्हणाल्या. “‘मधला भाग संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी नंतर दुरुस्त केलेला आहे’, असं लिहिते.”

“कर्मचाऱ्यांनी?” मावशी फणकारल्या. “मला हातच दोन, त्यातला एक बिनकामाचा. किती कर्मचारी झाले ते?”

बाईंनी वही उघडली. “तुमचं नाव सांगा.”

मावशींनी सांगितलं, पूर्ण, आडनावासकट. बाईंनी लिहिलेलं त्यांनी वाचून घेतलं, एक वेलांटी दुरुस्त करायला लावली. शिवाय अभ्र्याचा खण नववा, हेही लिहायला लावलं. फूल मुळात त्या अभ्र्यावरचं, आणि ते भरणारीचं नाव कुणालाच माहीत नाही, हेही. “अनामिक लिहायचंच असेल तर तिथे लिहा,” त्या म्हणाल्या. “तिथे ते खरं आहे. आणि आता सुई द्या, लाल सूत द्या.”

“आजी, ते मात्र नियमात बसत नाही. आता कुठल्याही वस्तूला…”

“नियम मला सांगू नका. हा नियम तुमच्या साहेबांच्या आधीचा आहे.”

बाईंनी क्षणभर दाराकडे पाहिलं. मग उठून कपाटातून सुताची रिळं काढली. पांढरे मोजे काढून ठेवले आणि दोन्ही हातांनी दिवा खाली धरून उभ्या राहिल्या. मावशींनी एका झटक्यात सुई ओवली, चष्मा न लावता. आठव्या पाकळीच्या देठाशी, ती दोन लाल टोकं होती त्याच टाक्यात सुई घातली, आणि डाव्या हाताने दुहेरी गाठ मारली. करकचून. ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते शालीवर पडू नये म्हणून त्यांनी मान तेवढी बाजूला केली.

“आता याचा फोटो काढा,” त्या म्हणाल्या. “मागचा. राहून जायला नको.”

दुसऱ्या दिवशी सून खोका घेऊन आली तेव्हा मावशींनी टेबल रिकामं करून ठेवलं होतं. तिला शेजारी बसू दिलं नाही, समोर बसवलं. “मला आरसा समज,” त्या म्हणाल्या. मावशी डावऱ्या हाताने, सून उजव्या हाताने, अशा दोघी विणत बसल्या. चार वेळा उसवलेलं फूल चार दिवसांत सात पाकळ्यांपर्यंत आलं. सुनेच्या पाकळ्या उजवीकडे कलत होत्या, मावशींच्या डावीकडे, आणि टेबलावर दोन्ही फुलं एकमेकांकडे तोंड करून वाढत होती. मधूनमधून मावशी ओरडत होत्या. लोकर ओढू नकोस, खांदे पाड, फोन तिकडे ठेव.

आठव्या पाकळीशी सून थांबली, पुस्तिका उघडून नीट वाचली, दोन टाके उचलले आणि सुई मागून घातली. एक अख्खी ओळ विणून तिने कौतुकाने काम वर धरलं. पाकळी बाकीच्यांच्या उलट कलायला लागली होती.

मावशींनी आपल्या सुया खाली ठेवल्या. “हे काय केलंस?”

“तुमच्यासारखंच केलं. मुद्दाम. ही तर तुमची खूण ना, मावशी? सगळ्यांना कळू दे की.”

“खूण मी मागे लावून आलेय,” मावशी म्हणाल्या. “ही चूक आहे. माझी आहे, मला ठाऊक आहे, मला ती दुसऱ्याच दिवशी सुधारायची होती. उसव.”